टक्

साडेसहा झाले की तू सुरू होतेस, इरावती,
अगदी मगरीबच्या बांगेला.
तिकडून मशीद, इकडून माझा खांदा.
गुदैबियातल्या या तिसऱ्या मजल्यावर
दोन्हीकडचा सूर चढत जातो,
पण मशीद चार मिनिटांत थांबते.

तुझी आई सहालाच निघाली,
ओल्या केसांनी, डब्यात कालचीच उसळ घेऊन.
नवजात वॉर्डात ती रात्रभर बावीस लेकरं निजवते
आणि बाविसांतलं एकही तू नसतेस.
जाताना बाटलीवर चिकटपट्टी लावून गेली:
'साठ मिली. कोमट. चिडू नकोस.'
हे शेवटचं तुला की मला,
विचारायचं राहिलं.

पाय दुमडून बघितले. ढेकर काढून बघितला.
थापटलं, पालथं घातलं,
लंगोट बदलला, तो कोरडाच होता.
खिडकीशी नेऊन खालचं मांजर दाखवलं,
जे इथल्या उन्हाळ्यात बॉनेटवर बसत नाही,
गाडीखाली बसतं.
तू मांजरालाही रडून दाखवलंस.

परवा मामीचा फोन: दृष्ट लागलीय पोरीला,
मीठमोहऱ्या उतरव आणि टाक विस्तवात.
विस्तव कुठला इथे, मामी?
तव्यावर टाकल्या. वर दोन लाल मिरच्या, माझ्या मनाच्या.
छताचा धुराचा भोंगा असा काही बोंबलला
की अख्खी इमारत जिन्यात.
मोतालेब वॉचमन बादली घेऊन धापा टाकत वर आला,
लीलाम्मा दारात, नाइटीवर टॉवेल ओढून.
आणि तू?
तू गप्प.
डोळे विस्फारून भोंग्याकडे बघत होतीस,
जणू पहिल्यांदाच कुणी भेटलं
आपल्या तोडीचं.

गाणं मला येत नाही.
लहानपणी कुणी म्हटलं असेलही माझ्यासाठी,
पण मी तेव्हा झोपलो असणार.

मला मशीनं येतात.
दिवसभर गच्च्यांवर असतो मी,
सेहेचाळीस डिग्रीत दुसऱ्यांच्या खोल्या गार करत.
पाना फडक्यात धरावा लागतो, इतका तापतो.
कान लावून सांगतो, याचा गॅस गेलाय,
याचं बेअरिंग,
हा म्हातारा अजून एक उन्हाळा काढेल.
तुझ्या छातीला कान लावतो तेव्हा मात्र
काही म्हणजे काही कळत नाही.
नुसतं धावतंय आत.

काल लक्षात आलं.
खिडकीतला आपला जुनाट एसी घुर्र करून लागला
की तुझी मूठ सुटते.
पापणी खाली येते, अर्धी.
मग खोली गार होते, थर्मोस्टॅट म्हणतो टक्,
तो बंद
आणि तू चालू.
सात वर्षं या धंद्यात काढली, पण
टक् एवढं मोठं असतं
हे कुणी शिकवलं नव्हतं.

आकडा खाली केला असता, पण तू गारठशील.
म्हणून आज टक् झाल्याबरोबर
मीच लागलो.
ओठ मिटून, घशातून.
घुर्रर्र.
आधी लाज वाटली, भिंतीपलीकडे लीलाम्मा जागी असते.
मग त्यात थोडा पंखा घातला, थोडी थरथर,
आणि त्या सैल स्क्रूची खडखड,
जो बहारीनभरचे स्क्रू पिळणाऱ्या माझ्या हातून
स्वतःच्या घरात आठ महिने राहिलाय.
तुझं डोकं माझ्या गळ्याशी.
कानांनी नाही, टाळूने ऐकत असशील.

हात जड झाला. म्हणजे तू जड झालीस.
खाली ठेवायची हिंमत नव्हती,
उभाच राहिलो, चालू.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. वृंदा.
'हॅलो' म्हणालो असतो तर गेलंच सगळं,
म्हणून उचलून तसाच धरला: घुर्रर्र.
पलीकडे ती बराच वेळ गप्प.
तिच्यामागे कुणाचं तरी पोर
टाहो फोडत होतं.
"थांबू नकोस," ती हळूच म्हणाली,
"फोन जवळ नेते त्याच्या."